बाभळीचा काटा आणि बुरशीचं जेवण

आमच्या बाभुळगावच्या नावातच बाभूळ आहे, त्यामुळे काट्याचं आम्हाला फारसं अप्रूप नाही. धुऱ्यावर बाभूळ, कुंपणाला बाभळीच्या फांद्या, बेंबळेच्या काठानं पुन्हा बाभूळच. काटा रुतला की बसल्या जागी सुईनं टोकरून काढायचा, वर बिब्ब्याचा चटका द्यायचा नाहीतर रुईचा चीक लावायचा, आणि पुन्हा डवऱ्यामागे चालू लागायचं. आमच्या पिढीतल्या बहुतेकांच्या तळपायावर अशा दहा-वीस काट्यांचा हिशेब सापडेल. पण काही काटे असे असतात की ते निघून जातात आणि मागे काहीतरी पेरून जातात. आज त्या पेरणीविषयी लिहितो आहे.

मी शास्त्राचा मास्तर नव्हे. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. त्यामुळे यात औषधोपचार शोधू नका, त्यासाठी डॉक्टर आहेत. मला सांगायची आहे ती एका रोगाच्या शोधाची गोष्ट. तिचा बराचसा भाग आपल्या महाराष्ट्रात, मुंबईत आणि साताऱ्यात घडलेला आहे आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठंही नाही.

या रोगाला डॉक्टर मायसेटोमा म्हणतात. जुनं नाव मदुरा पाय. १८४२ साली मदुराईच्या दवाखान्यातल्या गिल नावाच्या डॉक्टरानं त्याची नोंद केली, म्हणून ते नाव पडलं. पण रोग काही मदुराईचा मक्ता नव्हे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत ‘वल्मीक’ नावाचा रोग आहे. वल्मीक म्हणजे वारूळ. हात-पाय, मान, सांधे अशा ठिकाणी वारुळासारखी गाठ हळूहळू वाढते आणि तिच्या अनेक तोंडांतून स्राव होतो, असं त्याचं वर्णन आहे. तो म्हणजे नेमका हाच रोग असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण मदुरा पायाचं चित्र पाहिलेल्या माणसाला वारुळाचीच आठवण होईल.

होतं असं. अनवाणी पायाला काटा किंवा खुंट लागतो. जखम भरून येते. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथं एक टणक गाठ दिसते. दुखत नाही. दुखत नाही हाच तिचा मोठा अपराध, कारण दुखत नसलेल्या पायासाठी कोणता शेतकरी हंगामाच्या दिवसात दवाखान्याची पायरी चढेल? मग गाठीला छिद्रं पडतात, छिद्रांतून स्राव येतो आणि त्या स्रावात बारीक दाणे असतात. काळे, पांढरे, पिवळट, क्वचित लाल. रोग आत हाडापर्यंत जातो आणि शेवटी पाय कापायची वेळ येते.

आता यातली खरी गोम. दिसायला एकच असणारा हा रोग दोन अगदी वेगळ्या जातींचे जीव करतात. एक खरी बुरशी आणि दुसरे ॲक्टिनोमायसिटीस, म्हणजे बुरशीसारखे तंतू धरणारे जंतू. पाय तसाच सुजतो, छिद्रं तशीच पडतात, दाणेही दोन्हींत असतात. पण जंतूंवर पेनिसिलिनच्या भाऊबंदांपैकी औषधं चालतात आणि महिनोन् महिने नेटानं दिली तर पाय वाचतो. बुरशीवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. तिला बुरशीची औषधं लागतात, तीही वर्षभर आणि अधिक, आणि कित्येकदा सोबत शस्त्रक्रिया. भारतात एकूण पाहता जंतूंचा मदुरा पाय अधिक आढळतो, राजस्थानसारख्या कोरड्या भागात बुरशीचा. म्हणजे पाय हातात घेतलेल्या डॉक्टरापुढे पहिला प्रश्न असतो तो हा की, आत बसलंय कोण? आणि त्याचं उत्तर मिळवायचा जुना, खात्रीचा मार्ग म्हणजे तो दाणा बाहेर काढून, त्याला खाऊ घालून वाढवायचा आणि मग ओळखायचा.

खाऊ काय घालायचं, इथंच सगळं अडलं होतं.

हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे नाव डॉक्टर मंडळींना माहीत असायला हवं, पण बहुधा नसतं. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हे १८५८ सालचं जगप्रसिद्ध पुस्तक ज्याच्या चित्रांमुळे उभं राहिलं, तो हा चित्रकार-डॉक्टर. ग्रेचं नाव अजरामर झालं आणि कार्टर त्याच वर्षी बोटीत बसून मुंबईला आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. जे. जे. रुग्णालयात त्याच्यासमोर हे सुजलेले पाय येऊ लागले. कापलेले पाय तो चिरून पाहायचा, सूक्ष्मदर्शकाखाली दाणे ठेवायचा आणि चित्रं काढायचा. काळे दाणे त्याला बंदुकीच्या दारूसारखे दिसले, फिकट दाणे माशाच्या गाभोळीसारखे. दाण्यांत त्याला तंतू दिसले. १८६०-६१ च्या सुमारास त्यानं मुंबईच्या वैद्यक मंडळापुढे मांडलं की, हा रोग बुरशीचा आहे, आणि त्याला मायसेटोमा, म्हणजे बुरशीची गाठ, असं नावही दिलं. पाश्चरनं जंतूंची गोष्ट जगाच्या गळी उतरवायच्या आधीच मुंबईतला एक तिशीचा डॉक्टर म्हणत होता की, बाहेरून आत शिरलेला एक जिवंत जीव हा पाय खातो आहे!

पण नुसतं दिसणं पुरेसं नव्हतं. तो जीव वाढवून दाखवायला हवा होता. तेव्हा घडलं ते ऐका. जपून ठेवलेल्या एका पायावर काही काळानं लालसर बुरशी उगवली. कार्टरला वाटलं, सापडला चोर! ती बुरशी विलायतेला बर्कली नावाच्या तज्ज्ञाकडे गेली. हा बर्कली पेशानं पाद्री, पण आयर्लंडच्या दुष्काळाच्या वेळी बटाट्यावरचा रोग बुरशीचा आहे असं आग्रहानं सांगणारा मोठा माणूस. त्यानं नव्या बुरशीला शोधकाचं नाव दिलं, कायोनिफी कार्टेरी. आणि ती निघाली उपरी! हवेतून येऊन मेलेल्या मांसावर बसलेली, शिळ्या भाकरीवर बसते तशी. पायाच्या रोगाशी तिचा संबंध कधीच सिद्ध झाला नाही. कलकत्त्याच्या लुईस आणि कनिंगहॅम या दोघांनी १८७५ मध्ये या रोगाचा स्वतंत्र अभ्यास छापला आणि कार्टरच्या एकूण मताबद्दलच शंका घेतली.

कार्टर मधल्या काळात, १८६३ ते १८७२, साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. १८७४ साली त्यानं लंडनला स्वतःच्या रंगीत चित्रांसह मायसेटोमावर पुस्तक काढलं. त्याचं निरीक्षण खरं होतं, चित्रं अचूक होती, मात्र पुरावा हाती नव्हता. पुराव्यासाठी लागणारी गोष्ट तेव्हा कोणाकडेच धड नव्हती. ती म्हणजे हव्या त्या जिवाला वाढवणारं आणि नको त्याला बाहेर ठेवणारं अन्न.

या अन्नाचा इतिहास स्वयंपाकघराच्या फार जवळून जातो. बर्लिनच्या रेमाकनं १८४० च्या दशकात डोक्यातल्या खवड्याची बुरशी सफरचंदाच्या फोडीवर वाढवली होती. कॉखनं उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवले, मग जिलेटिन आणलं. जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं आणि काही जंतू ते खाऊनच टाकायचे. तोड सुचवली ती कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हेसे नावाच्या डॉक्टरच्या बायकोनं. फॅनी हेसे घरी जेली आणि पुडिंग करायची ती अगार वापरून, आणि अगारची ही खुबी तिला जावाहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून कळली होती. अगार म्हणजे समुद्री शेवाळाचा अर्क, आपल्याकडे चायना ग्रास म्हणून मिळतो तोच. हे १८८१ चं. आज जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत ते पुडिंग आहे. फॅनीबाईंचं नाव त्यावर नाही. त्या काळात बायकांची नावं कशावरच नसायची.

अगार आलं आणि पुढच्या वीस वर्षांत मदुरा पायाचं कोडं सुटलं. अल्जीरियात व्हिन्सेंट नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरानं १८९४ साली फिकट दाण्यांतला जीव वाढवून दाखवला. जंतू वाढवायला तेव्हा सगळे मांसाचं सूप वापरायचे. व्हिन्सेंटचा जीव गवत-बटाट्यासारख्या वनस्पतींच्या काढ्यात चांगला वाढला. मातीत, काडी-कचऱ्यात राहणारा तो, त्याला घरचंच जेवण आवडलं! मग १८९८ मध्ये बॉस्टनच्या राइटनं एका इटालियन बाईच्या पायातल्या काळ्या दाण्यांतून खरी बुरशी वाढवली. पहिला जंतू, दुसरी बुरशी. १९१३ मध्ये पिनॉयनं स्पष्टच मांडलं की, हे दोन वेगळे रोग आहेत. कार्टर काळ्या दाण्यांबद्दल बरोबर होता. राइटचा लेख मात्र त्याला वाचायला मिळाला नाही. तो १८९७ मध्येच वारला.

याच सुमाराला पॅरिसमध्ये साबुरो नावाचा डॉक्टर शाळकरी पोरांच्या डोक्यातल्या गजकर्णामागे लागला होता. (हा फावल्या वेळात मूर्तिकार होता. या बुरशीवाल्यांना कलेचं काय वेड असतं कोण जाणे.) त्याच्या लक्षात आलं की, एकच बुरशी वेगळ्या साखरेवर वेगळी दिसते. एका गावचा डॉक्टर म्हणतो पांढरी, दुसरा म्हणतो पिवळी, आणि भांडण चालू. म्हणून त्यानं हट्ट धरला की, साखर अमक्याच कारखान्याची, पेप्टोन तमक्याच कारखान्याचं, प्रमाण हेच, म्हणजे सगळ्यांना सारखंच दिसेल. आज साबुरो अगार म्हणतात त्यात साधारण चार टक्के ग्लुकोज, एक टक्का पेप्टोन आणि थोडी आंबट बाजू असते. आंबटपणा जंतूंना मानवत नाही, बुरशी खुशाल वाढते. पुढे अमेरिकेच्या एमन्सनं त्यात बदल केला, साखर निम्मी केली आणि आंबटपणा काढला, कारण काही बुरशींना तेच बरं वाटतं.

आंबटपणानं सगळे जंतू काही हटत नव्हते. १९४० च्या दशकात प्रतिजैविकं आली तेव्हा ती माध्यमातच मिसळायची युक्ती निघाली. क्लोरॅम्फेनिकॉल घातलं की जंतू दबतात. सायक्लोहेक्झिमाइड घातलं की हवेतून पडणाऱ्या भुरट्या बुरशा दबतात आणि गजकर्णाची बुरशी निवांत वाढते. अमेरिकेच्या ल्युसिल जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये हे नीट घालून दिलं. कायोनिफी कार्टेरीसारखी उपरी बुरशी आता दारातच अडवता येणार होती.

पण राखणदार ठेवला की घरचा माणूसही कधी बाहेर अडकतो. हे मला समजावलं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं. ती गेली अनेक वर्षं प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. तिला मी विचारलं की, एवढं चांगलं माध्यम सापडलं तर सगळे नमुने त्याच एकावर का लावत नाही? ती हसली. म्हणाली, “सर, तुम्ही वर्गात सगळ्या पोरांना एकच प्रश्न विचारायचे का?”

मग तिनं सांगितलं ते असं. मदुरा पायाचा दाणा आला की आधी तो निर्जंतुक सलाइनमध्ये पुन्हा पुन्हा धुवायचा, म्हणजे वरची घाण जाते. मग चिरडून थोडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. तंतू जाड, दोन ते पाच मायक्रॉनचे दिसले तर बुरशी. एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असले तर जंतू. आणि दिसलं काहीही तरी लावायचं दोन्हीकडे. साबुरोच्या एका नळीत क्लोरॅम्फेनिकॉल घातलेलं, दुसरी तशीच साधी, शिवाय ब्लड अगार किंवा ब्रेन हार्ट इन्फ्युजनसारखं पौष्टिक अन्न, आणि नोकार्डियाचा संशय असेल तर क्षयाच्या जंतूंसाठी वापरतात ते अंड्याचं हिरवं माध्यमसुद्धा. नुसतं औषध घातलेल्या नळीतच लावला आणि आत जंतू असतील, तर ते तिथं मरणार. नळी कोरी राहणार. सायक्लोहेक्झिमाइड तर इथं टाळायचंच, कारण मदुरा पाय करणाऱ्या काही बुरशा त्यानंच दबतात. नळ्यांची एक जोडी पंचवीस-तीस अंशांना, दुसरी सदतीसला. आणि थांबायचं. चार आठवडे, सहा आठवडे. काळ्या दाण्यांची मदुरेला नावाची बुरशी सदतीस अंशांना बरी वाढते, पण सावकाश, आणि माध्यमात तपकिरी रंग सोडत जाते. ती बीजाणू फारसे धरत नाही, म्हणून ओळख पटवायला आता डीएनए तपासतात.

“घाईचा माणूस आठव्या दिवशी नळी फेकून देतो आणि निगेटिव्ह लिहितो,” ती म्हणाली.

तिच्याकडूनच कळलेली आणखी एक गंमत सांगतो, विषय थोडा बाजूला जातो पण राहवत नाही. क्रिप्टोकॉकस नावाची एक बुरशी मेंदूच्या आवरणाला सूज आणते, विशेषतः एड्सच्या रुग्णांत. तिला ओळखायचं माध्यम १९६२ साली जर्मनीच्या श्टाइबनं शोधलं, ते पक्ष्यांना घालायच्या दाण्यांपासून. तो दाणा म्हणजे आपले कारळे! कारळ्यांच्या अर्कावर ही बुरशी तपकिरी होते, तिच्या इतर बहिणी पांढऱ्याच राहतात. भाकरीवर चटणी घेताना मला हल्ली हे आठवतं आणि मी घरच्यांना सांगतो. त्यांना ते जेवताना ऐकायचं नसतं.

आणि २०२१ चा उन्हाळा कोण विसरेल? करोनातून उठलेल्या माणसांना म्युकरमायकोसिसनं गाठलं. मे महिन्यात केंद्रानं राज्यांना तो नोंदणीचा रोग करायला सांगितलं, नागपूरच्या रुग्णालयांत डोळे आणि जबडे काढावे लागत होते, आणि अँफोटेरिसिनसाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते. त्याच महिन्यात आपल्या शेजारच्या वर्ध्यात ते औषध तयार होऊ लागलं. वर्तमानपत्रांनी तिला काळी बुरशी म्हटलं. काळं पडतं ते मेलेलं मांस. बुरशी प्लेटवर वाढते ती बोंडातून फुटलेल्या कापसासारखी, पांढरी-करडी, दोन-तीन दिवसांत झाकणाला टेकते. पण तिच्या तंतूंना आडपडदे नसल्यामुळे नमुना खलबत्त्यात कुटला की ती मरते. तुकडे करूनच लावावा लागतो. आणि सायक्लोहेक्झिमाइड तिलाही चालत नाही. मदुरा पायाचा दाणा चिरडायचा आणि हिला चिरडायचं नाही. आता सांगा, एकच पद्धत कशी चालेल?

मी लहान असताना, १९६० च्या आसपास, आमच्या वाड्यामागे एक सालदार राहायचे. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. त्यांचा उजवा पाय सुजलेला, फडक्यात गुंडाळलेला असायचा. आई त्यांना ताक द्यायची तेव्हा ते पाय मागे सारून बसायचे. फडकं सोडलं की त्यावर खसखशीसारखे काळे ठिपके दिसत. कोणी म्हणे करणी, कोणी म्हणे रक्त नासलं. बऱ्याच वर्षांनी त्यांना जिल्ह्याला नेलं आणि ते एका पायाचे परत आले. तो मदुरा पायच होता असं मी आता इतक्या वर्षांनी म्हणणं बरोबर नाही. पण काळे दाणे म्हणजे बहुधा बुरशी, आणि त्या काळात बुरशीवर देण्यासारखं फार काही नव्हतं. फिकट दाणे असते तर निदान आशा होती. जंतूंच्या मदुरा पायावर पुढे दिल्लीच्या एम्सनं पेनिसिलिन, जेंटामायसिन आणि कोट्रायमोक्साझोल यांची मिळून उपचारपद्धती २००० साली मांडली, आणि त्याआधी मेक्सिकोत वेल्शनं अमिकासिनची. मामांनंतर लाकडी कुबडी होती, आणि त्यांच्या मुलानं शाळा सोडून त्यांची सालदारी पुढे चालवली. तो माझ्याच वर्गात होता.

जागतिक आरोग्य संघटनेनं या रोगाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं ते २०१६ मध्ये. कार्टरनं नाव ठेवल्यापासून दीडशे वर्षं उलटून गेल्यावर! सर्वांत मोठं काम सुदानच्या खार्टूम शहरात चालत होतं. तिथं १९९१ पासून फक्त याच रोगाचं संशोधन केंद्र होतं. बुरशीवरच्या एका नव्या गोळीची, आठवड्यातून एकदा घ्यायच्या, तिथं चाचणी झाली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले. रोज दोनदा घ्यायच्या जुन्या औषधाइतकीच ती उपयोगी दिसली. शेतात राबणाऱ्या माणसासाठी ही केवढी सोय! पण सुदानच्या युद्धात ते केंद्र उद्ध्वस्त झाल्याचं २०२५ मध्ये बाहेर आलं. कित्येक दशकं जपलेले रुग्णांचे नमुने, वाढवून ठेवलेल्या बुरशा, सगळं गेलं.

माझ्या विद्यार्थिनीला मी शेवटी विचारलं की, तुझं सगळ्यात जास्त डोकं कशानं फिरतं? मला वाटलं होतं, माध्यम संपलं किंवा वीज गेली असं काही सांगेल. तिनं सांगितलं, फॉर्मलिन. शस्त्रक्रियेत पायाचा तुकडा काढतात आणि सवयीनं फॉर्मलिनच्या बाटलीत टाकून पाठवतात. पेशी पाहायला ते ठीक आहे, पण फॉर्मलिनमध्ये सगळंच मरतं, मग कोणत्याही माध्यमावर काही उगवत नाही. तुकड्याचे दोन भाग करायला हवेत. एक फॉर्मलिनमध्ये, दुसरा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये, आणि दुसऱ्या बाटलीवर ठळक लिहायचं, कल्चरसाठी. आपल्या माणसाचा असा तुकडा काढणार असतील तर डॉक्टरांना आधीच एवढं विचारावं, असं तिनं मला लिहायला सांगितलं आहे. “साहेब, एक बाटली सलाइनची पाठवता का?”